उसनी झोप

(जिल्हा कार्यकर्ता मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीकविम्यावर झाले, ज्वारीच्या खरेदीवर झाले. आता कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'झोपेच्या गोळ्या' असे छापलेले वाचून मागच्या बाजूला थोडी कुजबुज झाली, ती आम्ही ऐकली. कुणीतरी म्हणाले, जेवणानंतरचे भाषण आहे, विषय बरोबर निवडला. (हशा.) ज्यांना झोप येईल त्यांनी खुशाल झोपावे. गोळी न घेता झोप येणारा माणूस आज भाग्यवानच म्हटला पाहिजे.

विषय आम्ही ठरवून आणलेला नाही, तो समोर आला. कर्जाची माहिती गोळा करायला गेले दोन हंगाम आम्ही गावोगाव फिरतो आहोत. सातबारा, बँकेचे पासबुक, सोसायटीची नोटीस, सावकाराने लिहून घेतलेला कागद, असे सगळे घरातली माणसे एका पिशवीतून काढतात आणि आपल्यापुढे मांडतात. त्या पिशवीत आम्हाला वारंवार आणखी एक वस्तू दिसू लागली. गोळ्यांचे पाकीट, निम्मे संपलेले. विचारले तर उत्तर ठरलेले. "ते काही नाही भाऊ, झोपीची गोयी आहे. डॉक्टरनं देल्ली." कधी दिली? "झाले चार वर्स."

चार वर्षे! जे औषध दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नये असे इंग्लंडच्या सरकारी औषध समितीने १९८८ सालीच डॉक्टरांना बजावले, ते आमच्या पिशवीत चार-चार वर्षे कर्जाच्या कागदांना लागून पडलेले आहे. आणि एखाद्याच घरी नाही. आम्ही याची मोजदाद केलेली नाही, त्यामुळे शेकडा इतके असा आकडा आम्ही सांगणार नाही. पण तुम्ही आज घरी गेल्यावर देवळीत, गादीखाली, बाईच्या कुंकवाच्या डब्याशेजारी पाहा, आणि मग आम्हाला सांगा.

सुरुवात कशी होते ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ज्वारी निसवली की रानडुकरांची आणि रोह्यांची जागल सुरू होते. ज्याच्या विहिरीला चार बादल्या पाणी आहे त्याला लाइन रात्रीची. जागलीवर डोळा लागू नये म्हणून तोंडात खर्रा, आणि घरी आल्यावर त्याच खर्ऱ्याने झोप उडालेली. त्यात बँकेच्या नोटिशीची तारीख, मुलीचे लग्न, पऱ्हाटीवर पडलेली अळी. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही की माणूस तालुक्याला जातो. छातीत धडधडते, हातपाय गळतात, पोटात आग पडते, असे सांगतो. डॉक्टरकडे बाहेर साठ माणसे बसलेली. दोन मिनिटांत चिठ्ठी होते. पहिल्या रात्री माणूस असा झोपतो की महिन्यात झोपला नसेल. त्याला वाटते, देव भेटला.

डॉक्टरचे चुकले का? दहा रात्रींसाठी दिली असेल तर चुकले नाही. ही गोळी वाईट औषध नाही. ज्याला झटके येतात त्याचा झटका ती थांबवते, ऑपरेशनच्या आधी ती देतात, दारू सोडणाऱ्याचे पहिले दिवस त्याच गोळीवर सुखरूप पार पाडतात. चुकते ते पुढे. चिठ्ठीवर दहा दिवस लिहिलेले असते, अकराव्या दिवशी माणूस तीच चिठ्ठी घेऊन मेडिकलवर जातो. सहा महिन्यांनी चिठ्ठी फाटते, तेव्हा रिकामे पाकीट दाखवतो. वर्षाने तेही लागत नाही, मेडिकलवाला तोंड पाहूनच पुडी बांधतो.

आता गोळी ओळखायची कशी? कृषी केंद्रातल्या औषधाच्या डब्यावर कंपनीचे नाव हातभर असते आणि आत कोणते विष आहे ते बारीक अक्षरात. गोळीचेही तसेच आहे. कंपन्यांची नावे शंभर, पण बारीक अक्षरातली नावे थोडी: अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम. बहुतेकांच्या शेवटी 'लाम' किंवा 'पाम' येते, हीच खूण. शिवाय झोल्पिडेम नावाची एक, जातीने वेगळी पण गुण तोच. आणि एक क्लोरडायझेपॉक्साइड. हिच्याकडे जरा लक्ष द्या, कारण ती झोपेची म्हणून येत नाही. पोटाच्या, मुरड्याच्या काही गोळ्यांत ती मिसळलेली असते. माणूस समजतो मी ॲसिडिटीची गोळी खातो आहे, आणि ती बंद केली की अंगाला कंप सुटतो. मग म्हणतो, पोटाचेच काहीतरी बिघडले असेल, आणि गोळी पुन्हा सुरू. तशीच क्लोनाझेपाम ही उदासीच्या औषधाबरोबर एकाच गोळीत घालून विकली जाते. म्हणून घरातली पाकिटे उजेडात धरा आणि शाळेत जाणाऱ्या पोराकडून बारीक अक्षरे वाचून घ्या.

ही सगळी एकाच खानदानातली. त्यांतली पहिली १९६० साली अमेरिकेत बाजारात आली, डायझेपाम १९६३ साली. त्याआधीच्या झोपेच्या औषधांपेक्षा ती खरोखरच सुरक्षित होती, म्हणून डॉक्टरांनी सढळ हाताने लिहिली. सवय लागते हे कळायला आणि ते मोठ्याने बोलायला तिकडेही वीस वर्षे लागली. आपल्याकडे ते अजून कुणी मोठ्याने बोललेले नाही.

सवय कशी लागते ते आपल्या भाषेत सांगतो. ही गोळी झोप तयार करत नाही, उसनी देते. आपल्या मेंदूत पळवणारी शक्ती असते आणि आवरणारी शक्ती असते, बैल आणि कासरा म्हणा. गोळी कासरा ओढून धरते. रोज बाहेरून कुणी कासरा ओढतो आहे म्हटल्यावर मेंदू स्वतःचा हात ढिला सोडतो. काही आठवड्यांत पहिल्या दिवसाइतकी झोप येईनाशी होते. मग एकीच्या दोन, दोनाच्या तीन. सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या फवाऱ्याचे आपल्या डोळ्यांदेखत काय झाले? पहिल्या वर्षी एका फवाऱ्यात बोंडअळी खलास, नंतर आठ-आठ फवारे मारूनही अळी शाबूत. तिथे सरावली होती अळी, इथे सरावतो आपलाच मेंदू. आणि ज्या दिवशी बाहेरचा माणूस कासरा एकदम टाकून देतो, त्या दिवशी बैल उधळतो. आवरायला स्वतःचा हात राहिलेला नसतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही की असा माणूस व्यसनी नाही, नालायक नाही. तो गुत्त्यावर गेला नव्हता, दवाखान्यात गेला होता. सांगितलेले औषध त्याने सांगितल्याप्रमाणे घेतले. त्याच्या शरीराने तेच केले जे कलेक्टरच्या शरीराने केले असते. पण आपल्या गावात नाव पडायला वेळ लागत नाही. 'गोळ्या खातो' म्हटले की मुलाची सोयरीक मोडते. त्यामुळे नवरा बायकोपासून लपवतो, बायको सासूपासून लपवते. एका घरात आम्ही असेही पाहिले की दोघेही घेत होते आणि दोघांनाही एकमेकांचे माहीत नव्हते.

संघटनेच्या व्यासपीठावर हे कशाला, असे कुणी विचारील. अशासाठी की या गोळीने नुसती झोप जात नाही, हिशेब जातो. रोज घेणाऱ्याची आठवण पुसट होते. काल बँकेत काय बोलणे झाले ते आज आठवत नाही. कोणत्या कागदावर सही केली ते आठवत नाही. दलालाने किती क्विंटल मोजले ते लक्षात राहत नाही. भावासाठी भांडायचे तर माणसाचे डोके जागेवर पाहिजे. थ्रेशरवर हात जाणे, ट्रॅक्टर बांधावरून कलंडणे, यांत रात्रीच्या गोळीची सकाळची गुंगी किती वेळा असते ते पंचनाम्यात कधी येत नाही. म्हातारी रात्री उठून मोरीकडे जाते, तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. गोळीचे नाव कुणी घेत नाही. आणि गोळीवर दारू पोटात गेली तर श्वास मंद होत होत थांबतो. ते मरण आपल्याकडे 'झोपेत गेला' म्हणून मोजले जाते.

आता कायद्याचे बोलू. कायदा आहे आणि चांगला आहे. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे 'एच-वन' नावाच्या यादीत आहेत. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. डॉक्टरचे नाव, रोग्याचे नाव, औषध आणि किती दिले, हे दुकानदाराने वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. गंमत पाहा. युरियाच्या गोणीसाठी आमचा अंगठा मशीनवर घेतात आणि आधार नंबर लागतो. माणसाचा मेंदू बांधून टाकणारी गोळी मात्र बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळते. एका गावात आम्ही मेडिकलवाल्याला वही दाखव म्हटले, तर त्याने उधारीची वही काढून दाखवली. (हशा.)

हे ऐकून तुमच्या मनात काय आले ते आम्हाला ठाऊक आहे. मोर्चा! मेडिकलला टाळे! आमच्यापैकी दोन-तीन जोरदार कार्यकर्त्यांनी तसा ठराव लिहूनही आणला आहे. तो ठराव आज मांडू नका अशी आमची विनंती आहे, आणि त्याचे कारण ऐकून घ्या.

नांदेड आणि यवतमाळच्या सीमेपलीकडे तेलंगण. तिकडे शिंदीचा मोठा धंदा. झाडाची शिंदी पुरत नाही, म्हणून पाण्यात अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट अशी औषधे कालवून विकण्याचा प्रकार वर्षानुवर्षे चाललेला. मजूर माणसे संध्याकाळी शिंदी पीत, आणि आपण गोळीला बांधले गेलो आहोत हे त्यांना माहीतच नव्हते. २०१५ च्या सप्टेंबरात तिथल्या सरकारने कडक मोहीम काढली आणि भेसळ बंद पाडली. मोहीम योग्यच होती. पण दोन-तीन दिवसांत निजामाबाद भागातली माणसे थरथरत, बरळत, फिट येऊन दवाखान्यात येऊ लागली. वॉर्ड भरून गेले. काही जण दगावले. विष बंद केल्यामुळे माणसे मेली, कारण बंद केल्यावर ती कुठे जातील याचा विचार आधी कुणी केला नव्हता.

उद्या आपण तालुक्याच्या मेडिकलला टाळे ठोकले तर परवा आपल्याच गावात तेच होईल. विहिरीत उतरलेल्या माणसाला वर काढायचे तर आधी शिडी लावायची, विहीर नंतर बुजवायची.

आमच्या ओळखीच्या एका घरात घडलेले सांगतो. माणूस संघटनेचा जुना. सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या सगळ्यांचीच पऱ्हाटी खाल्ली, त्याचीही खाल्ली. त्या हिवाळ्यात त्याला गोळी सुरू झाली, रात्री एक. पाच वर्षांनी रात्री तीन आणि दुपारी एक. धाकट्या भावाला हे कळले. भाऊ वारकरी, जिवाला जीव देणारा. त्याने दादाचे सगळे पाकीट उचलले, विहिरीत टाकले, आणि पायावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. दादाने शपथ घेतली आणि पाळली. पहिल्या रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी घाम, हाताला कंप, अंगावर मुंग्या चालल्यासारखे. भांडे पडले तरी दचकून उभा राहायचा. घरच्यांना वाटले, विष बाहेर पडते आहे, चांगलेच आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात, बैलांच्या पायाशी, त्याला फिट आली. घराण्यात कुणाला फिटचा आजार नाही. बैल शहाणा, हलला नाही, म्हणून डोके वाचले.

लोक जमले. कुणी नाकाशी जोडा धरला, कुणी दातांत चमचा घालायला निघाला. हे दोन्ही करू नका. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचे दगड-अवजार दूर करा, तोंडात काही घालू नका, आणि १०८ ला फोन करा. त्याला जिल्ह्याला नेले. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरने पहिले काम कोणते केले असेल? गोळी पुन्हा सुरू केली. भाऊ चिडला. म्हणाला, म्हणजे शपथ मोडली? डॉक्टर म्हणाला, शपथ राहू द्या, फक्त ती पाळायला एक वर्ष द्या.

कर्जाच्या बाबतीत आपण नेहमी म्हणतो की एकरकमी मिटवा, सातबारा कोरा करा. हे एकच कर्ज असे आहे की ज्याची एकरकमी फेड जीव घेऊ शकते. याचे हप्तेच पाडावे लागतात.

हप्ते पाडण्याची पद्धत कुणी बसवली तेही सांगतो. इंग्लंडात न्यूकॅसल गावी हेदर अॅश्टन नावाच्या प्राध्यापक बाई होत्या, औषधशास्त्राच्या. १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे त्यांनी फक्त या गोळ्यांत अडकलेल्यांसाठी दवाखाना चालवला. सुमारे ३०० माणसे आली. बाईंनी एक साधी गोष्ट केली जी मोठ्या डॉक्टरांना जमत नाही: रोग्यांचे ऐकून घेतले. कोणता हप्ता सोसला, कोणता नाही, हे त्यांच्याकडून शिकून घेतले आणि १९९९ साली सगळे लिहून काढले. २०१९ साली बाई वारल्या, पण जगभर या गोळ्या सोडणारे अजून त्यांच्या लिखाणाचा आधार घेतात.

त्या लिखाणाचा गाभा असा. काही गोळ्या अंगातून लवकर उतरतात. अल्प्राझोलाम अर्ध्या दिवसात निम्मी उतरते, त्यामुळे दोन गोळ्यांच्या मध्येच माणसाला तलफ येते. डायझेपाम सावकाश उतरते, दिवसच्या दिवस अंगात राहते. म्हणून अनेकदा डॉक्टर आधी पहिल्या गोळीच्या जागी टप्प्याटप्प्याने दुसरी आणतात आणि मग ती कमी करत नेतात. एका वेळी साधारण दहावा हिस्सा, दर एक-दोन आठवड्यांनी. त्रास वाढला तर तिथेच थांबायचे, पण शक्यतो पुन्हा वर चढायचे नाही. वेग रोग्याने ठरवायचा, तारीख ठरवून कुणी मागे लागायचे नाही. कुणाला चार महिने लागतात, कुणाला वर्ष, कुणाला त्याहून जास्त. मिरचीचे रोप वाफ्यातून काढण्याआधी आपण पाणी हळूहळू तोडतो, रोप काटक होऊ देतो. एकदम तोडले तर रोप माना टाकते. हे शास्त्र आपल्या हाताला माहीत आहेच.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आम्ही शिकलो ते शेतकी कॉलेजात. पिकाचा डोस सांगण्याचा आम्हाला अधिकार आहे, माणसाचा नाही. हिस्सा किती आणि कधी, हे डॉक्टरच ठरवील. ज्याला फिटचा आजार आहे आणि त्यासाठी क्लोनाझेपाम चालू आहे, त्याने या भाषणावरून एक तुकडाही कमी करू नये. उदासीची, वेडसरपणाची जी दुसरी औषधे असतात, त्यांनाही हात लावू नये. पोटुशी बाई, म्हातारी माणसे, रोज दारू घेणारा, यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच करू नये. आणि बाजारात 'नशा सोडवा' म्हणून बिननावाची पुडी मिळते, आत काय आहे ते न लिहिलेली, ती घरात आणू नका. उसने फेडायला दुसऱ्या सावकाराकडे जाण्यातला प्रकार आहे तो.

त्या गोठ्यातल्या माणसाला अकरा महिने लागले. औषध डॉक्टरने ठरवले, पण अकरा महिने डॉक्टर काही घरी बसला नव्हता. घरी कोण होते ते सांगतो. गोळ्या वहिनींच्या ताब्यात, कुलपात. रोजची रोज मोजून हातावर, आणि वहीत खूण. याचे कारण एवढेच नाही की माणूस जास्त खाईल. कमी करण्याच्या काळात कधी कधी मन फार काळे होते, आणि तेव्हा घरात गोळ्यांचा साठा त्याच्या हाताशी असू नये. फवारणीची औषधेही त्या वर्षी घरातून हलवून भावाच्या शेतातल्या खोलीत कुलूप लावून ठेवली. दुसरा माणूस शेजारचा, सत्तरीचे काका. रात्री दोनला त्याला जाग आली, छाती धडधडू लागली की तो काकांच्या ओट्यावर जाऊन बसायचा. काका तंबाखू मळत आणि जुन्या बैलजोड्यांच्या गोष्टी सांगत. उपदेश करत नसत, हा त्यांचा सगळ्यात मोठा उपकार. तिसरा तो धाकटा भाऊ. दर महिन्याला मोटारसायकलवर जिल्ह्याला नेणे-आणणे त्याच्याकडे. गोळ्या विहिरीत टाकणारा हात तोच, आणि ओपीडीच्या रांगेत नंबर लावणाराही तोच.

मधे एकदा, कापूस वेचणीच्या दिवसांत, तो घसरला. तालुक्याहून परस्पर पाकीट आणले. वहीतली खूण आणि गुंगी यांचा मेळ बसेना तेव्हा वहिनींनी ओळखले. भांडण केले नाही. पुढच्या फेरीला डॉक्टरला सांगितले, डॉक्टरने दोन महिने हप्ता थांबवला. बस. आज तो गोळीशिवाय झोपतो. रोज छान झोपतो असे आम्ही म्हणणार नाही. नोटीस आली की त्या रात्री जागतोच. पण ती जाग नोटिशीची असते, गोळीची नसते, आणि सकाळी डोके जागेवर असते.

हा आधार नशिबाने मिळावा असे कशाला? आपण तो उभा करू शकतो. पुण्यात मुक्तांगण १९८६ साली सुरू झाले, अनिल अवचट आणि सुनंदा अवचट यांनी ते उभे केले. तिथे हेच दिसले की औषधाने पहिले दिवस निघतात, पुढची वर्षे निघतात ती त्याच वाटेने गेलेल्या माणसांच्या सोबतीने. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, त्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. डिप्रेशनने त्रासलेल्या शंभर माणसांपैकी सुरुवातीला जेमतेम चार जण कुणाकडे तरी मदतीला जात. गावातल्याच माणसांना शिकवून कामाला लावले, दीड वर्षात चाराचे सत्तावीस झाले. त्या गावांत कापूसच पिकतो आणि 'टेन्शन' हाच शब्द चालतो. म्हणजे आपल्याच मातीत झालेले आहे.

सरकारकडे काय आहे? जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची ओपीडी असते. लोक त्या दाराशी जात नाहीत, पाटी वाचून कुणी पाहील म्हणून. संघटनेची टोपी घालून चार जण बरोबर गेलो तर कुणाची हिंमत आहे बोलायची? टेलिमानस नावाची सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलता येते. आशाताईला घरोघरचे माहीत असते, तिला बरोबर घ्या. मात्र तिच्यावर आणखी एक काम टाकून मोकळे होऊ नका.

आता ज्याच्यासाठी आम्ही हा विषय खरा आणला ते. ज्या घरातला कर्ता माणूस कर्जापायी गेला, त्या घरी आपण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांत्वनाला जातो. वहिनी भिंतीला टेकून बसलेली असते, डोळे कोरडे, काही बोलत नाही. कुणीतरी सांगते, डॉक्टरने झोपेची गोळी दिली आहे. त्या दिवशी ते बरोबरच असेल. पण आपण नंतर जातो ते मदतीच्या प्रकरणाचे कागद घेऊन. सहा महिन्यांनी, वर्षाने. ती अजून तशीच भिंतीला टेकून असते. आपण म्हणतो, बिचारी सावरली नाही. अशा तीन घरी आम्ही पाकीट पाहायला मागितले, आणि तिन्ही घरी पहिल्या आठवड्यात दिलेली गोळी अजून चालू होती. दुःख किती आणि गोळी किती हे त्या बाईलाही सांगता येईना. तिला रडायलासुद्धा त्या गोळीने दिले नव्हते. शेत तिच्या नावावर चढवायचे आहे, दीर हिस्सा मागतो आहे, पोरांची शाळा आहे. हे सगळे तिने अर्धवट झोपेत करायचे? बचत गटातल्या बायांनी या घरांकडे आधी पाहावे. सांत्वनाला जाणाऱ्या आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने तेराव्यानंतर एक प्रश्न न चुकता विचारावा: वहिनी, गोळी अजून चालू आहे का, आणि डॉक्टरने किती दिवस सांगितली होती?

ठरावाचे म्हणाल तर आम्ही असा मांडतो. प्रत्येक तालुक्यातून दोन पुरुष आणि दोन बाया पुढे याव्यात. त्यांनी पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या मानसोपचार विभागात जाऊन डॉक्टरांशी बोलावे, ओपीडीचे वार लिहून आणावेत, आणि गोळ्या उतरवणाऱ्या माणसांना डॉक्टर किती वेळ देऊ शकतील ते विचारून घ्यावे. तालुक्यात डॉक्टर महिन्यातून एकदा आले पाहिजेत ही मागणी त्याच दिवशी लेखी द्यावी. ही शिडी लागली की मग मेडिकलवाल्यांची वही पाहायला आपण सगळे मिळून जाऊ, तो मोर्चा आम्ही स्वतः काढू. ते होईपर्यंत मेडिकलवाल्याशी भांडू नका. उलट त्याला सांगा की कुणी रोजचे गिऱ्हाईक असेल तर एकदम नाही म्हणू नको, त्याला आमच्याकडे पाठव.

नावे देणाऱ्यांनी चहाच्या वेळी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला यावे. ज्यांना स्वतःबद्दल किंवा घरच्यांबद्दल बोलायचे आहे, त्यांच्यासाठी मंडपामागे निंबाखाली चार खुर्च्या टाकल्या आहेत. तिथे लाउडस्पीकर नाही, वहीही नाही. आपापले पाकीट बरोबर असेल तर घेऊन या, बारीक अक्षरे आम्ही वाचून देऊ.